मोफज्जलच्या नावाची मूठ

"दरसाल हेच. निवडायचं आम्ही, मोजायचं आम्ही, आणि एक मूठ कोणाची, तर ज्याने या घराचा उंबरासुद्धा पाहिला नाही त्याची."

कोकिळा, म्हणजे माझी धाकटी जाऊ, हे मला म्हणाली नाही. हातातल्या सुपाला म्हणाली. आमच्या घरात अवघड बोलणी अशीच सुपाशी, चुलीशी नाहीतर मांजराशी होतात. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून गहू निवडत बसले होते, तरी मला ते ऐकू आलं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

श्रावणातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी आमची खानदेशी देवी, कानबाई, बसायची होती. जळगावच्या पिंप्राळ्यातलं आमचं घर लहान, पण सासूबाई आमच्याकडे राहतात, म्हणून कानबाई इथेच बसते आणि सगळे भाऊबंद इथेच येतात. यावलहून माझा दीर वना, कोकिळा आणि त्यांचा मुलगा तेजस शुक्रवारीच आले होते. येताना केळीचा घड आणि खांबांना बांधायला केळीचे खुंट घेऊन आले, त्यामुळे आमच्या व्हरांड्यात स्कूटरला जागा उरली नव्हती.

ज्यांच्या घरी कानबाई नाही त्यांच्यासाठी सांगते. भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजायचे. पोरगा जन्मला की मूठ वाढते, माणूस गेला की मूठ जाते. त्या गव्हाचे जाड, गोड रोट करून कानबाईला दाखवायचे आणि पौर्णिमेच्या आत घरातल्यांनीच संपवायचे. शेजारणीशी कितीही जीव असो, तिला रोट द्यायचा नाही. दिल्या घरच्या लेकीलाही नाही. बायकांच्या नावाची मूठ नसते. ज्या निवडतात, मोजतात, दळतात आणि भाजतात त्यांची नाही. पण आमच्या घरात बांगलादेशच्या फौजेतल्या एका सार्जंटची आहे. मला खरं तर याचा राग यायला हवा होता. तो कधी आला नाही, कारण ती मूठ आमच्या घरात कशी शिरली ते मला ठाऊक आहे.

आमचे हे फौजेत होते. सुभेदार होऊन घरी आले, तेव्हापासून मी त्यांना सुभेदारच म्हणते. आधी चिडवायला म्हणायचे, मग तेच नाव पडलं. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत एकदा कानबाईची सुट्टी संपवून ते पलटणीत गेले आणि तिथून लगेच त्यांची तुकडी बांगलादेशात गेली. दोन्ही देशांच्या फौजांचा एकत्र सराव होता. बँड वाजला, झेंडे लागले, मोठ्या साहेबांनी मोठ्या साहेबांना ढाली दिल्या, फोटो निघाले. सुभेदार म्हणायचे, "ती दोस्ती हुकमाची. हुकूम आला की मिठी मारायची, हुकूम आला की सोडायची. साहेब लोक हात मिळवतात तेव्हा दोघांचंही लक्ष फोटोवाल्याकडे असतं."

पण त्या सरावात आमचा एक आणि त्यांचा एक अशा जोड्या लावल्या होत्या. सुभेदारांच्या वाट्याला सार्जंट मोफज्जल आला. जंगलात मुक्काम असला की एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने पहारा द्यायचा.

"म्हणजे बघ," सुभेदार मला सांगायचे, "बंदूक दुसऱ्या देशाच्या माणसाच्या हातात, आणि आपण डोळे मिटायचे. पहिल्यांदा मी झोपलोच नाही. नुसता घोरण्याचा आवाज काढला."

"मग?"

"मग त्याची पाळी आली. तोही नुसता घोरला. माझ्यापेक्षा वाईट घोरला. शेवटी मला हसू फुटलं, आणि त्यालाही. त्यानंतर दोघंही खरे झोपायला लागलो."

रोटाचा घोटाळा त्याच सरावात झाला. सुभेदारांच्या पिशवीत त्यांच्या वाट्याचे रोट होते. मीच बांधून दिले होते, पौर्णिमेच्या आत संपवा म्हणून बजावलं होतं. एका सकाळी हे तोंड धुवायला गेले आणि परत येतात तर मोफज्जल चहात बुडवून रोट खातोय. चहा पण दोघांचा, त्यामुळे रोटही दोघांचा, असा त्याचा साधा हिशेब. "बहुत मीठा है, दादा, घर से आया?" त्याने विचारलं. आता त्याला काय सांगणार? हा फक्त भाऊबंदांनी खायचा असतो, हे ह्यांच्या हिंदीत बसेना आणि त्याच्या हिंदीत पोचेना. हे मुकाट्याने शेजारी बसले आणि उरलेला दोघांनी मिळून खाल्ला.

पण मनाला लागलं. पहिली संधी मिळताच घरी फोन केला आणि आईला सगळं सांगितलं, चोरी कबूल करावी तसं. आता सासूबाईंचं नाव कुंदाबाई, माहेर शिरपूरकडचं, बोली पक्की अहिराणी, आणि कायदे सगळे स्वतःचे. आम्हाला वाटलं त्या देवीची ओटी भरायला लावतील, उपास सांगतील.

"रोट खादा ना त्यानी?" त्यांनी विचारलं.

"खादा, माय."

"मंग आपला व्हई गया. पुढला साल त्यानी मूठ टाकजो."

झालं. रोट भाऊबंदानेच खायचा हा नियम मोडायचा नव्हता, म्हणून त्यांनी माणूसच भाऊबंद करून टाकला. दोन्ही सरकारांनी त्या सरावातून काय साधलं ते मला माहीत नाही. आमच्या घरात एक मूठ वाढली.

नंतर किती वर्षं ती आनंदाने मोजली गेली. त्याच्या वाट्याचा रोट सासूबाई स्वतः खायच्या. म्हणायच्या, त्याची आई नाही, मग मी त्याच्या नावाने खाते. माझ्या मुलीने, मोनालीने, ह्यांच्या फोनवर तिकडची मंडळी वापरतात ते ॲप टाकून दिलं. कानबाई बसली की मोफज्जलचा व्हिडिओ कॉल यायचाच. सासूबाई फोन उलटा धरायच्या, त्याला आमचा पंखा दिसायचा. तो पंख्याला नमस्कार करायचा.

"पानी पडना का रे भाऊ?" या विचारायच्या.

"बहुत पानी, माँ! पुकुर भोर गया!" तो म्हणायचा आणि फोन घेऊन घरामागच्या भरलेल्या तळ्यापर्यंत चालत जायचा. त्याच्या पायाखालचा चिखल, बदकं, एखादं उघडं पोर, सगळं आमच्या स्वयंपाकघरात यायचं. दोघांची भाषा एक नव्हती, पण पाऊस, सांधे आणि सुना या तिन्ही विषयांवर त्यांचं एकमत होतं. माझ्याबद्दल दोघं काय बोलतात हे मला बंगाली येत नसूनही कळायचं.

आणि एकदा तो भेटला. निवृत्त झाल्यावर बायकोला मुंबईच्या दवाखान्यात दाखवायला निघाला होता. हावड्याहून येणारी गाडी जळगावला थांबते न थांबते, म्हणून आम्ही सगळे भुसावळला गेलो. वांगी आदल्या दिवशीच कपाशीच्या काड्यांवर भाजून घेतली होती, भरीत आणि पुऱ्यांचे डबे, केळी, आणि सासूबाईंची खुर्ची. हो, प्लॅटफॉर्मवर घरची खुर्ची नेली होती. गाडी आली, आणि दारातून एक ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस उतरला. मला वाटलं होतं फौजी म्हणजे उंच असेल. सुभेदार आणि तो एकमेकांकडे बघत उभे राहिले. मग त्याने तोंड उघडून मोठ्याने घोरण्याचा आवाज काढला. हे असे हसले की हमालसुद्धा थांबले.

त्याने सासूबाईंच्या पायांना हात लावला. त्याची बायको अशक्त होती, खिडकीतूनच तिने एक गोधडी दिली. त्यांच्याकडे तिला कांथा म्हणतात. हाताने घातलेले टाके, मासे, कमळं, नावा. सासूबाईंनी ती तिथेच खुर्चीत मांडीवर पसरली. तेजस तेव्हा शाळेत होता. मोफज्जलने त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "तुम भी फौज में जाना. मेरा बेटा भी जाएगा. फिर तुम दोनों एक्सरसाइज करना. अच्छा?" तेजसने कडक सलाम ठोकला. गाडी हलली तेव्हा मोफज्जल दारात उभा राहून भरिताचा डबा हलवत होता.

तेजसच्या डोक्यात फौज शिरली ती त्या प्लॅटफॉर्मवर. हे कोकिळा कबूल करणार नाही, पण खरं आहे.

मग गेल्या वर्षी, कानबाईच्या आधीच्याच आठवड्यात, तिकडचं सरकार पालटलं. टीव्हीवर जाळपोळ दिसत होती. त्याही वर्षी मोफज्जलचा कॉल आला, आवाज बसलेला. "हम ठीक हैं, माँ. आप लोग डरना मत." आम्हाला तेव्हा हसू आलं. आम्ही कशाला घाबरू, जळगावात बसून?

पण वर्षभरात हवा बदलली. व्हिसा अडले. सरावाची बातमी येईना. टीव्हीवरची माणसं त्या देशाचं नाव असं घेऊ लागली, जसं कोकिळा माझ्या माहेरचं नाव घेते. व्हॉट्सॲपवर कोण कुठे पकडला गेला त्याचे मेसेज येऊ लागले, आणि आमच्या कॉलनीत भंगारवाल्यालाही लोक गाव विचारू लागले. शेजारचे अमृतलालभाई तेवढे निवांत होते. त्यांची धुळ्याकडे जिनिंग आहे. एकदा व्हरांड्यात चहा पिताना म्हणाले, "सुभेदार, माझ्या गाठी अजून जातात तिकडे. कमी जातात, रडतखडत जातात, पण जातात. कापसाला कोणी विचारत नाही, तू कोणाचा म्हणून." सुभेदारांनी मान हलवली आणि विषय केळीच्या भावावर नेला.

त्याच वर्षी तेजसची भरती झाली. धुळ्याच्या अकॅडमीत दोन हिवाळे पळून पळून त्याने पायाची नखं काळी केली होती. धावणं झालं, लेखी झाली, वैद्यकीय झाली. उरली पोलीस पडताळणी. कागदावर पत्ता आमचा, कारण कॉलेज त्याने इथूनच केलं. पडताळणीच्या दिवशी वना कोकिळेला घेऊन सकाळीच यावलहून आला. आल्या आल्या त्याने हॉलमधला फोटो उतरवला, दोन झेंड्यांखाली सुभेदार आणि मोफज्जल. मग सासूबाईंच्या खाली पसरलेली कांथा काढायला गेला.

"माय, जरा ऊठ."

"का?"

"गोधडी धुवाले टाकनी शे."

"धुयेल शे," म्हणून त्या कुशीवर वळल्या आणि उठल्याच नाहीत.

हवालदार चांगला माणूस होता. चहा घेतला, बिस्किटं घेतली, नेहमीचे प्रश्न विचारले. मग म्हणाला, "परदेशात कोणी नातेवाईक? येणं-जाणं, फोन वगैरे?"

आतल्या खोलीतून सासूबाईंच्या खोकल्याचा आवाज आला. बोलायच्या आधी त्या नेहमी खोकतात. त्याच क्षणी कोकिळेने मिक्सर लावला. मी बघत होते, भांडं रिकामं होतं.

"कोणी नाही साहेब," वना मिक्सरच्या वर आवाज काढून म्हणाला. "आम्ही केळीवाले लोक. आमचं परदेश म्हणजे रावेर."

हवालदार हसला. सुभेदार त्याच्यासमोरच बसले होते. त्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं.

तेव्हापासून घरात एक नवीन वाक्य आलं. सासूबाई विचारायच्या, "मोफज्जलना फोन नही उना?" आणि सुभेदार म्हणायचे, "नाही गं माय. तिकडे नेटवर्कचं काही खरं नाही." मग ईद गेली. "ईदलेबी नही?" "नाही." मोनालीने विचारलं, वनाने विचारलं, सगळ्यांना तेच उत्तर. कोकिळा तर पुढे जाऊन सांगायची की ती माणसं बदललीच हो, सरकारासारखी.

फोन टेबलावर उलटा पडलेला असायचा, आवाज बंद. तो कधीकधी टेबलावर थरथरत सरकायचा, आणि आम्ही सगळे पोहे खात राहायचो.

तेजसचं बोलावणं अजून आलेलं नव्हतं. कागद वर कुठेतरी होता. वना म्हणायचा, एकदा पोरगा वर्दीत गेला की बघू. एकुलतं पोर आहे, त्याच्या नखांचा रंग मीही पाहिला होता.

तर असा तो शनिवार. कोकिळेचं सुपाशी बोलणं संपलं, गहू निवडून झाले आणि आम्ही मोजायला बसलो. आमच्याकडे मोजताना सासूबाई एकेक नाव घेतात, आणि ज्याचं नाव तो, किंवा त्याच्या घरचं कोणी, "शे" म्हणतो. आहे. मग सव्वा मूठ परातीत पडते. सगळे जमले. वना भिंतीला टेकून, तेजस दारात, मोनाली माझ्यामागे, सुभेदार आपल्या खुर्चीत. बाहेर केळीच्या खुंटांवर शेजारची पोरं चढत होती, त्यांना कोणीतरी ओरडत होतं.

"गिरधर." म्हणजे आमचे सुभेदार.

"शे."

"वना."

"शे."

"तेजस."

"शे," तेजस म्हणाला, जरा लष्करी आवाजात. कोकिळेने पदराने डोळा पुसल्यासारखं केलं.

"मोफज्जल."

त्याच्या नावाला नेहमी सुभेदार "शे" म्हणतात. आज ते पंख्याकडे बघत होते. सासूबाईंची मूठ गव्हात तशीच राहिली.

वनाच बोलला. "माय, यंदा राहू दे ती. वर्ष झालं, त्याचा फोन नाही, काही नाही. त्यानेच सोडलं म्हटल्यावर आपण कशाला धरून बसायचं?"

"हो ना," कोकिळा म्हणाली. "आपण काही वाईट करतोय का? नुसती मूठ तर राहतेय."

सासूबाईंनी हात गव्हातून बाहेर काढला. तळहाताला चिकटलेले दाणे एकेक करून परत टाकले. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोनालीनी माय, पाणी तापाडी ठेव. माले न्हावानं शे."

"आत्ता? संध्याकाळी आंघोळ?"

"सुतक शे ना."

कोणालाच कळलं नाही. त्या शांतपणे सांगू लागल्या, लहान पोरांना सांगावं तसं. वर्षभर फोन नाही. ईदला नाही, काल-परवाही नाही. त्याच्या देशात जाळपोळ झाली तेव्हासुद्धा त्याने फोन केला होता, मग आता का नाही करणार? तो माणूस फोन सोडणारा नव्हे. म्हणजे तो गेला. आपल्याला कळवायला त्याच्या घरच्यांना आपली भाषा कुठे येते? "मूठ काढनी ऱ्हायनी तं सुतक पाळनं पडी. भाऊबंद गया. कानबाई यंदा बसाव नही."

"माय!" वना ताडकन उठला. "त्याचं कसलं सुतक? तो आपला कोण?"

"रोट खायेल शे त्यानी."

"अगं पण लोकं येणार उद्या! शिरपूरहून मामा निघाले. मंडपवाला..."

"मंडपवालाले सांग, घरमा मयत शे."

तेजस दारातून आत आला होता. त्याने वडिलांकडे पाहिलं, मग मोठ्या बापाकडे, म्हणजे सुभेदारांकडे. कोकिळेच्या हातात सूप होतं, पण यावेळी ती त्याच्याशीही काही बोलली नाही. सासूबाई भिंतीला धरून उठल्या. आतल्या खोलीत जाऊन कांथा घेऊन आल्या आणि घडी घालू लागल्या. मासे आत, कमळं आत, नावा आत. घालता घालता त्यांचा हात थांबला, आणि त्या रडायला लागल्या. आवाज न करता, म्हातारी माणसं रडतात तशा. मी पहिल्यांदा त्यांना दुसऱ्या कोणाच्या मुलासाठी रडताना पाहिलं.

मी बोलले असते. माझं तोंड उघडलंही होतं. पण त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खुर्चीकडे बघत होत्या.

"गिरधर," त्या म्हणाल्या, "तू फौजमा व्हता. तुले समजस. खरं सांग. मरी गया का तो?"

"भाऊ," वना हळूच म्हणाला, "तेजसचं बघा."

सुभेदार खुर्चीतून उठले. सरळ उभे राहिले, हात शरीराला चिकटवून, साहेबासमोर राहायचे तसे. आईच्या हातातल्या अर्ध्या घडीकडे त्यांनी पाहिलं.

"जित्ता शे, माय," ते म्हणाले. "त्याना फोन येस. आज सकायलेबी उना व्हता. मीच उचलत नही. माले भ्याव वाटस."